१९७० शेव्हेल: सरळ रस्त्यावर मस्त, वळणावर घाम फुटतो. सस्पेन्शनची सुरुवात कुठून करू?

मालिबू_सत्तर

मंडळी नमस्कार. गाडी १९७० ची शेव्हरोले शेव्हेल मालिबू, दोन दारी, ३५० व्ही८, ऑटोमॅटिक, पॉवर स्टिअरिंग, पुढे डिस्क ब्रेक. एसएस (जास्त ताकदीचं मॉडेल) नाही, कुणी विचारायच्या आधीच सांगून टाकतो. इंजिनावर आधीच्या मालकाने भरपूर पैसा घातलाय आणि ते कळतं पण, पेडल दाबलं की गाडी अशी निघते की शेजारी बसलेला माणूस गप्प होतो. खालच्या अंगाला मात्र कुणी हात लावलेला दिसत नाही, रबराला तडे, सगळीकडे जुनी ग्रीस आणि चिखल.

त्रास असा की हायवेवर सरळ जाताना पण स्टिअरिंग सतत इकडे तिकडे करत राहावं लागतं, मधल्या मध्ये दोन बोटं तरी प्ले आहे. वळणात शिरलं की आधी नुसतीच बॉडी कलते, मग नाक बाहेर ढकललं जातं, पुढचे टायर ओरडायला लागतात, आणि वळणाच्या मध्येच एखादा उंचवटा आला तर मागचा भाग बाजूला उडी मारल्यासारखा सरकतो. बायको आता त्या घाटासारख्या रस्त्याने यायलाच तयार नाही.

वापर म्हणाल तर बहुतेक रस्त्यावरच, शनिवार रविवार, आणि मनात आहे की कधीतरी ऑटोक्रॉसला (मोकळ्या जागेत कोन लावून वेळ मोजतात ती स्पर्धा) नेऊन बघावी. ओळखीचा एकजण म्हणतो चारही कोपऱ्यांना कॉइलओव्हर (शॉकवरच बसवलेली स्प्रिंग) आणि ट्युब्युलर आर्मचं (चाक धरणारे नळीचे आर्म) पूर्ण किट टाक, विषय संपव. पण एवढं एकदम करायचं का? आर्मच्या सांध्यांत पॉलियुरेथेन (रबरापेक्षा कडक) बुश टाकू की रबरच? मागे स्वे बारच (कलणं रोखणारा आडवा दांडा) नाहीये, तो आधी लावू का? क्रम सांगा प्लीज.

जॅकस्टँड

कॅटलॉग बंद कर आणि आधी गाडीखाली जा. तू जे वर्णन केलंयस त्यातलं निम्मं तरी झिजलेल्या पार्टांचं आहे, त्यात डिझाइनचा दोष नाही, आणि झिजलेल्या पार्टांवर भारी किट चढवलं तर तो प्ले तसाच राहणार, फक्त आता कडक स्प्रिंगसकट.

पुढचं चाक उचलताना जॅक लोअर आर्मखाली, बॉल जॉइंटच्या (आर्म आणि चाकामधला गोल सांधा) जवळ लाव. ह्या गाडीत स्प्रिंग खालच्या आर्मवर बसते म्हणजे वजन खालच्या बॉल जॉइंटवर असतं, फ्रेमखाली जॅक लावून चाक लोंबकळत ठेवलंस तर तो ताणलेलाच राहतो आणि प्ले कळत नाही. मग टायरखाली पहार घालून उचलून बघ, वर खाली धरून हलवून बघ. त्यानंतर गाडी जमिनीवर, इंजिन चालू, कुणालातरी स्टिअरिंग थोडं थोडं डावं उजवं करायला सांग आणि तू खाली बघत राहा: स्टिअरिंग कॉलमच्या शेवटी असतो तो रॅग जॉइंट, मग बॉक्स, पिटमन आर्म, सेंटर लिंक, आयडलर आर्म, टाय रॉड. कुठेतरी एक पार्ट हलतोय आणि पुढचा हलत नाहीये असं दिसेल, तिथे तुझी दोन बोटं आहेत. माझी पैज आयडलर आर्मवर. तो वरखाली हलत असेल तर टो (वरून बघता चाकं आत किंवा बाहेर किती वळलीत ते) सतत बदलत राहतो, गाडी भटकते.

बॉक्सवरचा ॲडजस्टिंग स्क्रू दिसला म्हणून लगेच आवळायला जाऊ नको. तो चाकं अगदी सरळ असतानाच सेट करायचा असतो, आणि जास्त आवळला की स्टिअरिंग वळणानंतर आपोआप परत येत नाही. सगळं लिंकेज नीट झाल्यावर शेवटी त्याच्याकडे बघ.

शेव्हेलला वेगळी फ्रेम आहे आणि बॉडी रबरी माउंटवर बसते, ते माउंट पण बघ. चपटे झाले असतील तर फ्रेम एक बोलते बॉडी दुसरंच.

आता सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त फरक पडणारी गोष्ट, अलाइनमेंट. १९७० चे कंपनीचे आकडे बायस प्लाय (जुन्या पद्धतीच्या) टायरसाठी आहेत, कॅस्टर (बाजूने बघता चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा कल) जवळजवळ शून्य किंवा निगेटिव्हच. त्याने पार्किंगमध्ये स्टिअरिंग हलकं राहायचं. रेडियल टायरला हे चालत नाही. दुकानात गेलास की तो मुलगा कॉम्प्युटरमधलं गाडीचं वर्ष निवडणार, सगळं हिरवं दिसणार आणि म्हणणार झालं. त्याला कागदावर आकडे लिहून दे: कॅस्टर जेवढं पॉझिटिव्ह मिळेल तेवढं, निदान ३ अंश, नवीन अपर आर्म असतील तर ५. कॅम्बर (समोरून बघता चाकाचा कल, वरचा भाग आत म्हणजे निगेटिव्ह) -०.५, जरा मस्ती करायची असेल तर -१. टो-इन १/१६ ते १/८ इंच. मूळ आर्मवर ३ अंश मिळवायला शिमचा (पातळ पत्र्याच्या चकत्यांचा) मोठा गठ्ठा लागेल, मागच्या बोल्टला वाढवायच्या, पुढच्याच्या काढायच्या. कधी कधी मिळतच नाही.

आणि टायरची तारीख बघ. बाजूला डॉट कोडचे शेवटचे चार आकडे, आठवडा आणि वर्ष. नक्षी भरपूर आहे म्हणून लोक खूष असतात, आत रबराचं लाकूड झालेलं असतं.

सतरा_इंची

जॅकस्टँड भाऊ नेहमीप्रमाणे वरातीमागून घोडं 😄 हे सगळं बरोबर आहे पण शेवटी होतं काय, माणूस आज बॉल जॉइंट बदलतो, सहा महिन्यांनी आर्म, मग स्प्रिंग, दर वेळी तेच सगळं उघडायचं, दर वेळी अलाइनमेंटचे पैसे वेगळे. अपर आर्म बाहेर काढायचाच आहे तर जुन्या आर्ममध्ये प्रेसवर बुश ठोकत बसण्यापेक्षा ट्युब्युलर आर्म घे ना, त्यात कॅस्टर बनवतानाच जास्तीचं दिलेलं असतं, बुश नवीन, बॉल जॉइंट नवीन. एसपीसी, हॉचकिस, यूएमआय, ग्लोबल वेस्ट, कुणाचेही घे, ह्या गाडीला पार्टांची कमी नाही.

कॉइलओव्हरबद्दल लोक उगाच नाक मुरडतात. हाइट बदलता येते, स्प्रिंग बदलायला अर्धा दिवस लागत नाही, चारही चाकांवरचं वजन मोजून जुळवता येतं. ऑटोक्रॉसला जायचं म्हणतोय ना तो.

आणि १४/१५ इंची रिम सोडा आता. त्या साइजमध्ये पांढऱ्या अक्षरांचे टायर मिळतात, ग्रिपचे फारसे मिळत नाहीत. १७ किंवा १८ घे, मग चांगल्या रबराची रांग लागते. एससीसीएचा (अमेरिकेतला स्पोर्ट्स कार क्लब) कॅम-टी क्लास आपल्या जुन्या अमेरिकन गाड्यांसाठीच आहे, तिथे २०० ट्रेडवेअरपासून पुढचे टायर चालतात, आणि त्या दर्जाचं रबर बहुतेक मोठ्या रिमसाठी बनतं.

पिटमन

टायरबद्दल १०० टक्के सहमत, कॉइलओव्हरबद्दल नाही. मागच्या कॉइलओव्हरबद्दल तर मुळीच नाही. शेव्हेलच्या मागच्या शॉकचं वरचं माउंट शॉकचा धक्का सोसायला बनवलंय, गाडीचं वजन पेलायला नाही. वजन उचलते ती स्प्रिंग, ती ॲक्सलवर वेगळी बसते. तिला काढून सगळा भार शॉकच्या बोल्टवर आणायचा असेल तर वरच्या क्रॉसमेंबरला मजबुती द्यावी लागते, चांगली किट त्यासाठी ब्रॅकेट देतात, स्वस्तवाली देत नाहीत.

पण मला मूळ मुद्द्यावर बोलायचंय, कारण "बॉडी कलते म्हणून कडक करा" हे सगळेच म्हणतात आणि नाक बाहेर का जातंय हे कुणी विचारत नाही.

वळणात आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर किती वजन जातं त्याचं गणित सोपं आहे: गाडीचं वजन गुणिले जी गुणिले गुरुत्वमध्याची उंची भागिले ट्रॅक. माणसासकट ३६०० पौंड धर, ०.८ जी, उंची समजा २१ इंच, ट्रॅक साधारण ६० इंच. उत्तर येतं हजार पौंडाच्या आसपास. ह्यात स्प्रिंग कुठे आहे? स्वे बार कुठे आहे? कुठेच नाही. बार कितीही जाड लावा, हजार पौंड जाणारच, बार फक्त ठरवतो की त्यातले पुढे किती आणि मागे किती. गाडी एक इंच खाली आणली तर हजाराचे ९६० होतात. बस. तेवढ्यासाठी लोक स्प्रिंग कापतात.

मग कलणं वाईट का? कारण कलल्यावर टायरचा कोन बदलतो. ह्या गाडीचं स्पिंडल (चाक ज्यावर बसतं तो भाग) बुटकं आहे, वरचा बॉल जॉइंट आर्मच्या आतल्या पिव्होटपेक्षा खाली राहतो. त्यामुळे बाहेरचं चाक दबलं की आर्मचं बाहेरचं टोक वर जाताना बाहेरच्या बाजूला सरकतं, म्हणजे चाकाचा वरचा भाग बाहेर, कॅम्बर पॉझिटिव्ह. नेमकं ज्या चाकावर सगळा भार आहे तेच बाहेरच्या खांद्यावर उभं राहतं. टायर ओरडतो, नाक वळत नाही. पुढच्या टायरचे बाहेरचे खांदे बघ, घासून गोल झाले असतील.

उपाय म्हणजे तो बॉल जॉइंट वर न्या नाहीतर आतला पिव्होट खाली आणा. पहिल्या पिढीच्या कमॅरोवर डिक गुल्डस्ट्रँडने अपर आर्मची भोकंच खाली पाडली, आजही त्या प्रकाराला त्याचंच नाव आहे. मस्टँगवाले हेच करतात, १९६५ च्या शेल्बी जीटी३५० ला वरचा आर्म एक इंच खाली होता, कल्पना फोर्डच्या क्लाउस आर्निंगची. शेव्हेलला भोकं पाडायची गरज नाही, अर्धा इंच उंच अपर बॉल जॉइंट मिळतो, तो आणि त्याला साजेसा अपर आर्म टाकला की चाक दबताना कॅम्बर निगेटिव्हकडे जायला लागतं. दिसायला काहीच बदलत नाही.

पूर्वी लोक कॅप्रिस, इम्पालाची उंच स्पिंडलं टाकायचे, मोठी डिस्क पण मिळायची. कॅम्बर सुधारतं, पण स्टिअरिंग आर्मची लांबी आणि जागा वेगळी, त्यामुळे बंप स्टिअर येतं, खड्ड्यावर गाडी आपणहून वळते. भंगारात स्पिंडल फुकट मिळालं तरी मी नाही लावणार, आता उंच बॉल जॉइंट असताना कशाला.

मालिबू_सत्तर

पिटमन दादा, टायरचे बाहेरचे खांदे खरंच गोल आहेत, मला वाटायचं हवा कमी असेल.

गाडीखाली जाऊन आलो. रिपोर्ट: आयडलर आर्म हाताने वरखाली हलतो (जॅकस्टँडनी पैज जिंकली). उजवा लोअर बॉल जॉइंट गेलाय. रॅग जॉइंट फाटकाच आहे. लोअर आर्मच्या बुशमधून रबर बाहेर लोंबतंय. मागच्या वरच्या आर्मचे बुश तर असे आहेत की मध्ये फट दिसते. टायरवर ३२०९, म्हणजे २००९ चे! बॉडी माउंट ठीक वाटले.

जवळच अलाइनमेंट फक्त मोजून घेतलं, बदललं नाही. कॅस्टर डावं -०.६, उजवं -०.२, कॅम्बर दोन्हीकडे +०.४ च्या आसपास. कागदावर सगळं हिरवं 😂

मागचे लोअर आर्म खालून उघडे आहेत, पन्हाळीसारखे, हे बरोबर का? आणि मागच्या स्वे बारचा प्रश्न राहिलाच.

टॉर्शनबार_अण्णा

मध्येच बोलतो, माझी गाडी मोपार (क्रायस्लर गटाची) आहे, १९७१ ची डस्टर, पण दुखणं तेच. आमच्याकडे पुढे कॉइल स्प्रिंगच नाही, लांब टॉर्शन बार (पिळून स्प्रिंगचं काम करणारा दांडा), त्यामुळे कडक स्प्रिंग म्हणजे फक्त जाड बार सरकवायचा आणि हाइट एका बोल्टवर. तुम्ही स्प्रिंग कॉम्प्रेसर लावून जीव मुठीत धरता तेव्हा आम्ही चहा पीत असतो. कॅस्टरसाठी आम्ही अपर आर्मला ऑफसेट बुश उलटे बसवतो, स्वस्तात काम. मात्र आमच्या गाडीला वेगळी फ्रेम नाही, बॉडीच वळते, म्हणून आधी सबफ्रेम कनेक्टर (पुढची आणि मागची चौकट जोडणारे) वेल्ड केल्याशिवाय पुढचं काही करण्यात अर्थ नाही. कमॅरो, मस्टँगवाल्यांनी पण हे लक्षात ठेवा, शेव्हेलवाल्यांनी सोडून द्या.

आणि ते "मसल कार वळत नाही" हे ऐकून कंटाळा आला. १९६८ आणि ६९ ची ट्रान्स-ॲम रेस चॅम्पियनशिप कमॅरोने जिंकली, १९७० ची मस्टँगने. त्या रेसमध्ये ५ लिटरची मर्यादा होती म्हणून तर कमॅरो झेड/२८ मध्ये ३०२ घन इंचाचं इंजिन आलं. सरळ रस्त्यावर जिंकल्या नाहीत त्या.

सतरा_इंची

अण्णा, त्या रेस गाडीत आणि शोरूमच्या गाडीत बॉडीचा आकार सोडून काय सारखं होतं ते पण सांगा 😄

टॉर्शनबार_अण्णा

बॅज.

लीफ_नको_कॉइल

मागच्या बाजूबद्दल मी लिहितो, मी ह्याच फ्रेमची १९६८ ची कटलस चालवतो, त्यामुळे मागचं सगळं तुझ्यासारखंच.

मागे चार आर्म, दोन खालचे बऱ्यापैकी सरळ आणि दोन वरचे तिरके. तिरके असतात कारण ॲक्सलला डावीउजवीकडे तेच धरून ठेवतात, त्यासाठीचा वेगळा आडवा दांडा, पॅनहार्ड रॉड, नाही. गाडी कलली की ह्या चार आर्मना चार वेगवेगळ्या वर्तुळात फिरायचं असतं, चार माणसांनी एकच पलंग चार दिशांनी धरून जिना उतरावा तसं, आणि ते जमतं फक्त रबर पिळलं जातं म्हणून. आता तू चारही आर्मला कडक पॉलियुरेथेन टाकलंस की पीळ घ्यायला कुणी उरत नाही, सस्पेन्शन अडकतं, आणि अडकलेलं सस्पेन्शन म्हणजे अचानक प्रचंड कडक झालेली स्प्रिंग. मग वळणात उंचवटा आला की मागचं टायर एकदम सुटतं. तुझं आत्ता जे सरकतंय ते फाटलेल्या बुशमुळे, पण सगळीकडे पॉली टाकून तू त्याच्या उलट कारणाने तिथेच पोचशील. म्हणून वरच्या आर्मच्या ॲक्सलकडच्या बाजूला रबरच ठेव, नाहीतर गोल फिरणारे स्फेरिकल जॉइंटवाले आर्म घे, पैसे जास्त पण खरं उत्तर तेच. पुढच्या आर्मला पॉली चालेल, तिथे बुशला फक्त एकाच अक्षावर फिरायचंय, ग्रीस घालत राहा नाहीतर चुंईचुंई करतं.

उघडे लोअर आर्म: हो, मालिबूला तसेच असायचे. एफ४१ (कंपनीचं कडक) सस्पेन्शन आणि मागचा बार आलेल्या गाड्यांना ते खालून बंद, पेटीसारखे होते. कारण शेव्हेलचा मागचा स्वे बार दोन्ही लोअर आर्मनाच बोल्ट होतो, म्हणजे बार काम करतो तेव्हा आर्मला पिळतो. उघड्या आर्मवर बार लावलास तर बार वळायच्या ऐवजी आर्मच वळेल. आधी आर्म, मग बार.

आणि बार छोटा घे. ह्या मागच्या रचनेचा रोल सेंटर (गाडी ज्या बिंदूभोवती कलते तो) मुळातच उंच असतो, म्हणजे मागची बाजू कलायला तशीही कमी तयार असते. त्यावर जाडजूड बार टाकला की वळणात आतलं मागचं चाक हलकं होतं, साधा डिफरेन्शियल असेल तर तेच चाक फिरत बसणार, आणि पाऊस असेल तर मागचा भाग पुढे येणार. बायको त्या रस्त्याने यायला तयार नाही म्हणालास ना, ती मग गाडीतच बसायची नाही.

पिटमन

वरच्या प्रतिसादाला जोडून. बार निवडताना एक लक्षात घे, पिळाचा ताठपणा व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो. १ इंचाऐवजी सव्वा इंच लावला तर तो पावपट नाही, जवळजवळ अडीचपट कडक. म्हणून कॅटलॉगमधला "फक्त जरासा जाड" हा जरासा नसतो. आणि पोकळ बारला घाबरू नको, बाहेरून १.३७५ आतून १ इंच असा पोकळ बार हा सव्वा इंची भरीव बारपेक्षा थोडा जास्तच कडक, वजन साधारण ५७ टक्के.

पुढे जाड बार, मागे छोटा किंवा सध्या काहीच नाही. अंडरस्टिअर (नाक बाहेर जाणं) वाढेल असं वाटतं ना? पुस्तकी उत्तर तेच आहे. पण ह्या गाडीत पुढचा बार कलणं कमी करतो, कलणं कमी म्हणजे टायरचा कोन कमी बिघडतो, आणि पुढची ग्रिप उलट वाढते. कॅम्बर सुधारल्यावर हा फायदा कमी होतो, तेव्हा मागच्या बारचा विचार करायचा.

मालिबू_सत्तर

हे डोक्यात शिरायला दोनदा वाचावं लागलं पण पटलं. आता स्प्रिंगचं सांगा. किटमध्ये पुढची ५०० की ५५० पौंड प्रति इंच आणि मागची १५० असं काहीतरी लिहितात, हे एवढं विषम कसं? मागे अगदीच मऊ नाही का? आणि मूळ स्प्रिंगची एक वेटोळी कापली तर?

पिटमन

पुढची स्प्रिंग आर्मच्या साधारण मध्यावर बसते. चाक दोन इंच हललं तर स्प्रिंग एकच इंच दबते, आणि बळाच्या बाबतीतही तरफेने निम्मंच, म्हणून गुणोत्तराचा वर्ग घ्यायचा. ०.५ चा वर्ग ०.२५, ५०० ची स्प्रिंग चाकावर १२५. मागची ॲक्सलवरच बसते, तिथे १५० म्हणजे जवळजवळ १५०च. बघ, पुढचीच मऊ निघाली.

कापायचं असेल तर कापता येतं, टॉर्चने नाही, घासून कापायच्या चकतीने. दहा कामाच्या वेटोळ्यांतली एक गेली की स्प्रिंग ११ टक्के कडक होते आणि गाडी खाली येते. पण ५० वर्षांची थकलेली स्प्रिंग कापण्यात काय अर्थ आहे. एक इंच खाली येणारी नवीन जोडी घे, दोन इंचाच्या मागे लागू नको, नाहीतर खड्ड्यात सस्पेन्शन बंप स्टॉपवर (शेवटी अडवणारा रबरी ठोकळा) आपटेल आणि बंप स्टॉप म्हणजे परत अचानक कडक झालेली स्प्रिंग.

सतरा_इंची

मी मात्र स्प्रिंग जास्त कडक आणि बार बारीक ह्या पंथाचा. जाड बार म्हणजे डाव्या चाकाचा धक्का उजव्याला, खराब रस्त्यावर गाडी डोकं हलवत चालते. ब्रेक मारल्यावर नाक खाली जाणं बार थांबवत नाही, स्प्रिंग थांबवते.

जॅकस्टँड

आणि पाँटिॲकने १९७० च्या ट्रान्स ॲम गाडीला पुढे सव्वा इंच आणि मागे ७/८ इंच बार लावून पाठवली, त्यांचा तो इंजिनिअर हर्ब ॲडम्स जाड बार आणि मऊ स्प्रिंगच्याच बाजूचा. रस्त्यावर चालवायची गाडी आहे, खड्ड्यात टायर जमिनीला चिकटून राहिला पाहिजे. सतरा, तुझी गाडी ट्रेलरवर जाते, ह्याची नाही.

कडक मऊ काहीही घ्या, त्या स्प्रिंगला सांभाळणारा शॉक घ्या. कंपनीच्या स्प्रिंगसाठीचा शॉक नवीन स्प्रिंगला आवरत नाही, एका खड्ड्यानंतर गाडी उड्या मारत राहते. बिलस्टीनचे गॅसवाले किंवा रिबाउंड बदलता येणारे कोनी, दोन्ही ह्या गाडीला चालतात. खाली आणलेल्या गाडीला लांबी पण जुळवून घ्यायची. मला विचारशील तर एकाच गोष्टीवर जास्त पैसे घालायचे असतील तर ते शॉकवर घाल.

मालिबू_सत्तर

ठीक. मग माझा क्रम असा: स्टिअरिंगचं सगळं लिंकेज आणि रॅग जॉइंट, पुढे नवीन अपर आर्म उंच बॉल जॉइंटसकट, लोअर आर्मला बुश आणि बॉल जॉइंट, एक इंच खाली येणारी स्प्रिंग, शॉक, पुढचा सव्वा इंची बार, हे सगळं पुढचं एकदाच उघडून, सतराचं तेवढं ऐकतो. मागे वरच्या आर्मला रबरी बुश आणि पेटीवाले लोअर आर्म, बार नंतर. मग १७ इंची रिम आणि टायर, आणि कॅस्टर ५, कॅम्बर -०.७, टो १/१६ इंच असं लिहून दुकानात.

स्टिअरिंग बॉक्स पण बदलू का? चार फेऱ्या मारतोय असं वाटतं.

पिटमन

बॉक्स शेवटी. कॅस्टर वाढलं की स्टिअरिंगचा फील इतका बदलतो की तुला आत्ताचा बॉक्स आवडूही शकेल. नाहीच आवडला तर १२.७:१ चे क्विक रेशो (कमी फेऱ्यांत वळवणारे) बॉक्स मिळतात, ऐंशीच्या दशकातल्या आयरॉक कमॅरोमध्ये होता तो. फक्त होजची फिटिंग जुनी नवी वेगळी असते ते बघून घे.

रिम घेताना बॅकस्पेस (रिमच्या आतल्या कडेपासून बोल्टच्या पाटापर्यंतचं अंतर) स्वतः मोज, कुणाच्या गाडीला बसलं म्हणून आपल्याला बसेल असं नाही, पुढच्या फेंडरची कड आणि आत फ्रेम दोन्हीकडे पूर्ण वळवून.

लीफ_नको_कॉइल

रबरी बुशवाले बोल्ट गाडी हवेत असताना आवळू नको. सगळे सैल बसव, गाडी चाकांवर किंवा रॅम्पवर उतरव, पुढून मागून दोनचार वेळा दाबून बसू दे आणि मग फायनल टॉर्क दे. हवेत आवळलेस तर रबर त्या अवस्थेत पकडलं जातं, गाडी खाली आली की कायमचं पिळलेलं, हाइट पण जास्त दिसते आणि बुश लवकर फाटतो. पॉली आणि स्फेरिकलला हे लागत नाही. आणि मागची खाली आणल्यावर पिनियनचा (ॲक्सलमध्ये शाफ्ट शिरतो त्या टोकाचा) अँगल मोजून घे, प्रॉपेलर शाफ्ट गुणगुणायला लागला तर कारण तेच असतं.

जॅकस्टँड

पुढची स्प्रिंग काढताना खालचा बॉल जॉइंट सोडवायच्या आधी आर्मखाली जॅक आणि स्प्रिंगमधून फ्रेमला साखळी. नट पूर्ण काढायचा नाही, दोनतीन आटे ठेवून मगच ठोकायचं. स्प्रिंग सुटली तर वाटेत काय आहे ते बघत नाही.

मालिबू_सत्तर

साखळी आणली. ऑर्डर पण गेली, उंच बॉल जॉइंटवाले आर्म यायला वेळ आहे, तोवर आयडलर आर्म आणि रॅग जॉइंट बसवून टाकतो. लिंकेज झाल्यावर बॉक्सचा स्क्रू किती फिरवायचा ते परत विचारेन. अण्णा, तुमच्या चहाला उत्तर स्प्रिंग बसल्यावर देतो.